'क्वैदान' वाचलं आणि आता भेटेल त्याला यातल्या गोष्टी सांगत सुटलोय

लाफ्कादिओ हर्नचं 'क्वैदान' हे 1904 सालचं पुस्तक मी या हिवाळ्यात वाचलं आणि तेव्हापासून मळ्यात, टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथे बसेन तिथे यातलीच कुठलीतरी गोष्ट सांगतोय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू. जपानमधल्या भुतांच्या, राक्षसांच्या, अजब जीवांच्या सतरा गोष्टी आणि शेवटी किड्यांवर तीन लेख, एवढंच पुस्तक. बऱ्याच गोष्टी तर इतक्या छोट्या की चहा संपायच्या आत संपतात. पण डोक्यातून जात नाहीत. मला स्वतःला गेल्या कित्येक वर्षांत गोष्टींचं एवढं आवडलेलं पुस्तक दुसरं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

हा हर्न माणूसच वेगळा. जन्म ग्रीसच्या एका बेटावर 1850 साली, आई ग्रीक, वडील आयरिश, लष्करात डॉक्टर. लहानपण डब्लिनला नातेवाइकांकडे, सोळाव्या वर्षी शाळेत खेळताना एका डोळ्याला मार लागला आणि तो डोळा गेला तो गेलाच, दुसऱ्यानेही धड दिसायचं नाही. मग अमेरिकेत पेपरात नोकऱ्या, आणि 1890 ला जपानला गेला तो परत आलाच नाही. मात्सुए नावाच्या गावात मास्तर झाला, तिथल्या सामुराई घराण्यातल्या सेत्सु नावाच्या बाईशी संसार केला, पुढे नागरिकत्व घेऊन कोइझुमी याकुमो झाला. आणि या पुस्तकातल्या गोष्टींमागे ही सेत्सु आहे हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हर्नला जपानी पुस्तकं वाचता यायची नाहीत, ती जुन्या बाजारातून पोथ्या शोधून आणायची, वाचायची आणि रात्री त्याला सांगायची. त्यातही त्याची अट काय, तर पुस्तक हातात धरून वाचून दाखवायचं नाही, तुझ्या स्वतःच्या तोंडाने, तुझ्या शब्दांत सांग. म्हणून या गोष्टी वाचताना सारखं वाटतं की कोणीतरी समोर बसून सांगतंय. आमच्याकडे आजी सांगायची तसंच, मध्येच थांबायचं, आवाज खाली आणायचा, आणि का झालं कसं झालं याचं स्पष्टीकरण काहीच द्यायचं नाही. झालं ते असं झालं, बस.

आता यातलं माझं मुख्य म्हणणं. या पुस्तकातली भुतं उगाच कोणाच्या मानगुटीवर बसत नाहीत. जवळजवळ प्रत्येक गोष्टीत कोणीतरी कोणाला शब्द दिलेला असतो, किंवा कसलं तरी देणं राहिलेलं असतं, आणि तो शब्द पाळला का मोडला, देणं फिटलं का राहिलं, यावर सगळी गोष्ट उभी असते. भीती वाटते ती त्या जीवाच्या रूपाची कमी आणि आपल्यासारख्याच एखाद्या साध्या माणसाच्या तोंडून नको ते निघून जाईल याची जास्त.

'युकी-ओन्ना' बघा, म्हणजे बर्फातली बाई. दोन लाकूडतोडे, एक म्हातारा मोसाकु आणि एक अठरा वर्षांचा मिनोकिची, बर्फाच्या वादळात नदीकाठी अडकतात, नावाडी नाव पलीकडे ठेवून गेलेला, म्हणून त्याच्या झोपडीत झोपतात. रात्री मिनोकिचीला जाग येते तर दार उघडं, आत पांढरीशुभ्र बाई, म्हाताऱ्यावर वाकून त्याच्या तोंडावर श्वास सोडतेय आणि तो श्वास पांढऱ्या धुरागत दिसतोय. मग ती याच्याकडे वळते, खूप वेळ नुसती बघते, आणि म्हणते की तुलाही मारणार होते पण तू पोर आहेस, दया येते, मात्र आज पाहिलंस ते कोणाला बोलायचं नाही, स्वतःच्या आईलासुद्धा नाही, बोललास तर मला कळेल. सकाळी म्हातारा बर्फासारखा गार. पुढच्या हिवाळ्यात मिनोकिचीला रस्त्यात एक मुलगी भेटते, लग्न होतं, संसार छान चालतो, दहा मुलं होतात, सासू मरताना सुनेचं कौतुक करत मरते, आणि इतकी वर्षं होऊनही बायको पहिल्या दिवसाइतकीच तरुण. मग एका रात्री मुलं झोपलीत, बायको दिव्याजवळ शिवत बसलीय, आणि हा तिच्याकडे बघत बघत सहज बोलून जातो की तुला असं बघून मला एक जुनी गोष्ट आठवली, अगदी तुझ्यासारखीच दिसणारी एक बाई मी पाहिली होती. ती मान वर न करता म्हणते, सांगा ना, कुठे पाहिलीत.

मी तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. कारण तिला ते ऐकायचं नाहीये आणि तरी ती विचारतेय, आणि त्याला काहीही माहिती नाही, तो प्रेमानेच सांगतोय. तो सांगतो, ती शिवण फेकून उठते, ती मीच होते म्हणून किंचाळते, आणि या झोपलेल्या लेकरांसाठी तुला सोडते, त्यांना नीट सांभाळ, असं सांगता सांगता धुकं होऊन छतातल्या धुराड्याच्या भोकातून निघून जाते. यात वाईट कोण सांगा. तिने त्याला दोनदा सोडलं. त्यानेही काही कपटाने केलं नाही. शब्द मोडला गेला, घर मोडलं. ही गोष्ट हर्नने पोथीतून घेतली नाही, मुसाशी प्रांतातल्या चोफु नावाच्या गावच्या एका शेतकऱ्याने आपल्या गावची म्हणून त्याला सांगितली, असं तो प्रस्तावनेत लिहितो.

'उबाझाकुरा' वाचताना तर मला आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचा उत्सव आठवला. मूलबाळ नसलेलं जोडपं देवाला साकडं घालतं, मुलगी होते, तिला दूध पाजायला एक दाई ठेवतात, ओसोदे नाव तिचं. पोर पंधरा वर्षांची झाल्यावर असाध्य आजारी पडते, दाई देवळात जाऊन एकवीस दिवस प्रार्थना करते, आणि पोर एकदम बरी होते. घरात आनंदाचं जेवण चालू असतं आणि त्याच वेळी दाई अंथरूण धरते. तेव्हा ती सांगते की मी देवाला माझा जीव पोरीच्या बदल्यात देऊ केला होता, तो त्याने घेतला, पण पोर बरी झाली तर देवळाच्या अंगणात चेरीचं झाड लावीन असंही बोलले होते, ते आता माझ्याच्याने होणार नाही, तेवढं तुम्ही फेडा. जपानात काय आणि आपल्याकडे काय, नवस राहिला तर माणसाला सुखाने मरतासुद्धा येत नाही. आमच्याकडे पिढीच्या पिढी उलटून गेल्यावर आजोबाने बोललेला नवस नातू फेडताना मी पाहिलंय, कानबाईला रोट घालायला नोकरीवाली पोरं पुण्याहून, सुरतेहून सुट्टी काढून येतात. या गोष्टीत भूत नाहीच, पण पुस्तकातली ती मला फार जवळची वाटली.

आता खऱ्या राक्षसाची. 'जिकिनिंकी' म्हणजे मेलेल्या माणसाचं मांस खाणारा. मुसो नावाचा साधू डोंगरात वाट चुकतो, एका टेकडीवर मोडक्या झोपडीत म्हातारा संन्यासी भेटतो, तो रात्रभर राहू देत नाही पण खालच्या गावाची वाट दाखवतो. गावात त्याच दिवशी पाटील वारलेला. त्या गावची रीत अशी की कोणी गेलं की रात्री सगळ्यांनी गाव सोडून जायचं, प्रेतापाशी कोणी थांबायचं नाही. साधू म्हणतो मी थांबतो. रात्री एक भलामोठा आकार, ज्याला धड रूपच नाही असा, आवाज न करता आत येतो, प्रेत उचलतो आणि केस, हाडं, कफनासकट खाऊन टाकतो, नैवेद्यसुद्धा. सकाळी गावकऱ्यांना याचं काहीच नवल वाटत नाही. मात्र टेकडीवरच्या म्हाताऱ्याबद्दल विचारलं तर म्हणतात तिथे कोणी संन्यासी राहतच नाही. साधू परत तिथे जातो आणि तो म्हातारा त्याच्या पायाशी कोसळून म्हणतो की मला लाज वाटतेय, रात्री तुम्ही पाहिलंत तो मीच. मी पूर्वी या भागातला एकटाच पुजारी होतो, लोक लांबून लांबून मृतांचे विधी करायला माझ्याकडे यायचे आणि मी ते फक्त पोटापाण्याचा विचार करून उरकत होतो, त्याचं हे फळ. माझ्यासाठी प्रार्थना करा, यातून सोडवा.

हे वाचताना आपल्या सातपुड्यात राहणाऱ्याला अस्तंबा आठवला नाही तरच नवल. दिवाळीत नंदुरबार जिल्ह्यात अस्तंब्याच्या डोंगरावर यात्रा जाते, हजारो आदिवासी बांधव रात्रीच्या चालत चढतात, आणि लहानपणापासून आपण ऐकलेलं असतं की अश्वत्थामा अजून या डोंगरात फिरतो, कपाळावरची जखम भरत नाही, भेटेल त्याच्याकडे तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो. तिकडे बऱ्हाणपूरजवळ असीरगडावरही त्याचीच गोष्ट सांगतात. झोपलेल्या पोरांना मारलं, केवढं पाप, पण आपले लोक त्याला हाकलून लावत नाहीत, त्याच्या डोंगरावर नारळ घेऊन जातात. हर्नच्या त्या म्हाताऱ्यासाठी मुसोच्या मनात आलं ते याच जातीचं आहे. शाप भोगणाऱ्याची आधी कीव यावी, भीती नंतर, हे मला या पुस्तकाचं मोठेपण वाटतं.

सगळ्यात गाजलेली गोष्ट पहिलीच, 'मिमी-नाशी-होइची'. 1185 साली दान-नो-उराच्या समुद्रातल्या लढाईत हेइके घराणं बालसम्राटासकट बुडालं, आणि तिथल्या खेकड्यांच्या पाठीवर त्या योद्ध्यांचे चेहरे दिसतात म्हणतात. जवळच्या देवळात होइची नावाचा आंधळा कलावंत राहतो, बिवा नावाचं तंतुवाद्य वाजवून त्या लढाईचं आख्यान गातो. एका रात्री पुजारी बाहेर गेलेला असताना कोणीतरी सामुराई येऊन दरडावून हाक मारतो, चल, आमच्या मालकांना ऐकायचंय. आंधळ्याला काय, मोठा वाडा आहे, पुष्कळ लोक बसलेत, बायकांच्या कपड्यांची सळसळ ऐकू येते, आणि लढाईचा भाग आला की सगळे हंबरडा फोडून रडतात. खरं तर तो भर पावसात स्मशानात, बालसम्राटाच्या समाधीपुढे एकटाच गात बसलेला असतो. पुजाऱ्याला कळतं तेव्हा तो होइचीच्या अंगभर मंत्र लिहून घेतो, म्हणजे भुताला तो दिसणार नाही. फक्त कानांवर लिहायचं राहतं. रात्री सामुराई येतो, त्याला अधांतरी दोन कान तेवढे दिसतात, आणि हुकूम पाळल्याचा पुरावा म्हणून तो ते उपटून नेतो. पुजारी परत येतो तर ओसरीवर त्याचा पाय कशावर तरी घसरतो, चिकट काहीतरी, कंदील खाली धरून बघतो तर रक्त. हर्न बटबटीत वर्णन करत नाही, एवढंच सांगतो, पाय घसरला. इथे तर शब्द भुताने पाळला आणि चूक देवळाने केली.

सेत्सुने आठवणींत सांगितलंय की ही गोष्ट लिहायच्या दिवसांत हर्न अंधार पडला तरी दिवा लावायचा नाही. ती शेजारच्या खोलीतून हळूच होइची, होइची अशी हाक मारायची आणि हा आतून म्हणायचा, हो, मी आंधळा आहे, आपण कोण? एक डोळा गेलेला माणूस हे लिहीत होता हे लक्षात ठेवून वाचा, प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येतो.

'मुजिना' मात्र वाचू नका, ऐका किंवा ऐकवा. दोनेक पानांची आहे. तोक्योतल्या एका निर्मनुष्य चढावर खंदकाशेजारी एक बाई तोंड झाकून रडतेय, म्हातारा व्यापारी विचारतो बाई काय झालं, ती वळते, तोंडावरून हात फिरवते, तर डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. तो जीव घेऊन पळतो, लांब एका शेवयावाल्याचा कंदील दिसतो, त्याच्या पायाशी जाऊन पडतो... पुढचं सांगत नाही. ही आमच्या मळ्यात भरीत पार्टीला सांगितली, बामणोदची वांगी, कळण्याची पुरी, सगळे जेवून शेकोटीला बसलेले. माझ्या चुलत भावाला त्याच रात्री लाईट येणार म्हणून ठिबकचे वॉल बदलायला केळीत जायचं होतं. गोष्ट संपली तेव्हा कोणी बोललंच नाही, मग एक म्हातारे काका त्याला म्हणाले, "जाय पन मांगे वळीसन देखू नको भो." तो गेला, पण मोबाइलवर भजन मोठ्याने लावून गेला. एकशेवीस वर्षं जुनी, परक्या देशातली गोष्ट चोपड्याच्या मळ्यात अशी लागू पडते म्हणजे सांगणारा केवढा ताकदीचा.

हलक्याफुलक्याही आहेत. 'रोकुरो-कुबी'मध्ये रात्री मुंडकी धडापासून सुटून बागेत किडे खात फिरतात, आणि त्यांच्या घरी मुक्कामाला आलेला साधू हा पूर्वीचा सामुराई, त्याला भीती कशी ती माहितीच नाही. तो मालकाचं धडच ओढून बाहेर टाकतो. मग ते मुंडकं मरता मरता त्याच्या बाहीला दातांनी लटकतं ते सुटतच नाही, तसाच तो दुसऱ्या गावात जातो, खुनी म्हणून पकडला जातो. मोठी मजा आहे त्यात. 'डिप्लोमसी' तर एकदम थंड डोक्याची, मरणाऱ्याने बदला घ्यायची शपथ घेतली तर ती शपथ बोथट कशी करायची याची. ती दोनदा वाचा, पहिल्यांदा फक्त शेवट कळतो. 'ओशिदोरी'त बदकांच्या जोडीतला नर पारध्याने मारला आणि मग मादीने जे केलं ते वाचून आपल्याला क्रौंचाची जोडी आणि वाल्मीकी आठवतोच. 'अ डेड सिक्रेट' ही एका बाईच्या भुताची आहे जी रोज रात्री आपल्या कपड्यांच्या कपाटापाशी नुसती उभी राहते, कोणाला त्रास देत नाही. का उभी राहते, ते तिथला म्हातारा पुजारी शोधतो आणि मरेपर्यंत कोणाला सांगत नाही. इथेही पुन्हा शब्दच.

कमी काय वाटलं तेही सांगतो. 'हिमावारी' आणि 'होराय' या दोन गोष्टी म्हणून यात बसत नाहीत, पहिली हर्नची लहानपणची आठवण आहे, दुसरी नुसतं चिंतन. शेवटच्या तीन लेखांत फुलपाखरांचा बरा, मुंग्यांचा फार जड, मला ओढून ओढून संपवावा लागला. पण डासांचा सोडू नका. हर्नच्या घराला डासांचा त्रास, ते शेजारच्या बौद्ध स्मशानातल्या पाण्याच्या कुंड्यांतून यायचे. रॉकेल टाकलं तर डास मरतील, पण मग ते जुनं स्मशान, ती पूर्वजांची पूजा सगळंच मोडेल, आणि त्यापेक्षा डास परवडले, असं तो म्हणतो. आमच्याकडे पावसाळ्यात घरोघर डेंग्यूचे पेशंट असतात, त्यामुळे मला हे पटलं नाही, पण त्याने लिहिलंय फार जीव लावून.

एक गोष्ट मात्र मला मनापासून लिहायचीय. आपल्या भागात, विशेषतः सातपुड्याच्या पट्ट्यात, राक्षसाच्या गोष्टी नुसत्या गोष्टी राहत नाहीत. डाकीण म्हणून एखाद्या बाईकडे बोट दाखवलं की तिचं गावात राहणं संपतं, मारहाण होते, जीव जातो, 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला तरी हे पूर्ण थांबलेलं नाही. म्हणून भुताची पुस्तकं मुलांना देऊच नयेत असं म्हणणारे शिक्षक मला भेटलेत आणि त्यांची काळजी मला समजते. पण हे पुस्तक त्या कामाचं नाही, उलट आहे. यात ज्या बाईला लोक राक्षसीण म्हणतील ती दहा लेकरांची आई आहे, आणि प्रेत खाणारा स्वतःच्या तोंडाने पाप कबूल करून रडतो. असं वाचलेलं पोरगं उद्या कोणावर दगड उचलायच्या आधी थांबेल, असं मला खरंच वाटतं.

घ्यायचं असेल तर, पुस्तक कॉपीराइटच्या बाहेर आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं, मोबाइलवर आरामात वाचता येतं. छापील हवं असेल तर ऑनलाइन बऱ्याच आवृत्त्या आहेत, फक्त तळटीपा आहेत का ते बघून घ्या, कारण जपानी शब्द भरपूर आहेत आणि हर्नच्या स्वतःच्या टीपा गोष्टींइतक्याच रसाळ आहेत. इंग्रजी जुन्या वळणाचं आहे पण वाक्यं साधी, बारावीपर्यंत इंग्रजी नीट वाचलेल्याला जड जाणार नाही. सुरुवात 'मुजिना'पासून करा, मग 'युकी-ओन्ना', मग पहिल्या पानावर या. दहा वर्षांखालच्या पोरांना होइचीची सांगताना कानांचा भाग जपून. मासाकी कोबायाशीने 1964 ला याच नावाचा सिनेमा काढला, त्यात या पुस्तकातल्या दोन गोष्टी आहेत, होइचीची आणि बर्फातल्या बाईची. तीन तासांचा आहे आणि संथ आहे, पण आधी पुस्तक वाचा, सिनेमा नंतर. आणि अमळनेर, धुळ्याकडे अहिराणीत लिहिणारी एवढी मंडळी आहेत, त्यांच्यापैकी कोणी 'युकी-ओन्ना' अहिराणीत आणायला घेतली तर मला कळवा, टायपिंगचं काम मी करून देतो.